दारात आलेली वडापची जीप

परवा हातकणंगल्याच्या पुढं या वर्षीची पहिली उसाची ट्रॉली दिसली. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्ण्यातून फाटक्या आवाजात गाणं, आणि बाजूनं रस्ता झाडत चाललेले उसाचे शेंडे. दुसरं कुणी असतं तर कपाळाला आठ्या घातल्या असत्या. मी हॉर्नसुद्धा दिला नाही. काच खाली केली आणि तो वास पोटभर आत घेतला. कापलेल्या उसाचा ओला, हिरवा, किंचित आंबूस वास. म्हटलं, झाला बाई हंगाम सुरू.

आमच्या जिल्ह्यात वर्षाचे दोनच भाग. कारखाने चालू आणि कारखाने बंद. बाकीचे ऋतू कॅलेंडरवर असतात. मी जनावरांची डॉक्टर. घर कोल्हापुरात राजारामपुरीत आणि दवाखाना शिरोळकडं, कृष्णाकाठच्या एका गावात. हंगाम आला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या बैलांच्या खांद्यावर जू घासून घासून झालेल्या जखमा येतात, फुटलेले खूर येतात. गुऱ्हाळं पेटतात आणि दुपारच्या वेळी गावात शिरलं की गरम काकवीचा वास अंगावर येतो. उसाचा फड पेटवलेला असेल तर पाचटाची, म्हणजे वाळल्या पानांची, काळी राख उडत येऊन पांढऱ्या कोटावर बसते. ती झटकायची नाही, फुंकायची. झटकली की डाग पडतो.

आणि दर हंगामाला मला तो एक हंगाम आठवतो, ज्यात ही जीप माझ्या दारात आली. परवाही स्टेअरिंगवर हात ठेवून ट्रॉलीच्या मागं शांतपणे चालले होते, इंजिन एका सुरात बोलत होतं, तापमानाचा काटा निम्म्यावर थांबलेला. अभिमान वाटतो असं म्हणायला लोक लाजतात. मी नाही लाजत. वाटतो! खच्चून वाटतो.

त्याआधी मी स्कूटरनं जायचे. कोल्हापूर ते शिरोळ, रोज, मागं औषधांची पेटी बांधून. एका संध्याकाळी समोर उभी असलेली ट्रॉली दिसलीच नाही. मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, नुसता उसाचा ढीग अंधारात उभा. मी वळवली म्हणून वाचले, पण गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आण्णांनी उभी हयात एसटी चालवली. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढं आपटून म्हणाले, "पोरी, बास आता. म्या रस्त्यावरनं काय काय उचललंय तुला म्हाईत न्हाय. सायबाला फोन लाव आणि हापिसात टेबल माग."

आमचे वरिष्ठ साहेब भला माणूस. कोल्हापूरच्या ऑफिसात एक जागा रिकामी होतीच. ते म्हणाले, "संघमित्रा, जागा तुझ्यासाठी राखतो. हंगाम संपेपर्यंत विचार कर, मग सांग." झालं! म्हणजे एका हंगामाची मुदत. टेबलावर बसून लसींचे आकडे जुळवायचे, की गोठ्यात गुडघाभर शेणात उभं राहायचं. मला शेण पाहिजे होतं. हसा खुशाल. ज्यानं अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून जिवंत वासराचा पाय धरलाय, त्याला टेबलाचं सुख सांगू नये. पण रोज नेईल आणि रोज परत आणील अशी भक्कम गाडी दारात असल्याशिवाय आण्णा मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हते. नवी गाडी माझ्या ऐपतीत नव्हती.

मग इलाहीभाई. आमच्या गल्लीच्या मागं त्यांचं गॅरेज. आण्णांच्या एसटीच्या काळापासूनची ओळख. माणूस मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा आणि आपली चूक आहे हे मरेपर्यंत मान्य न करणारा. ते म्हणाले, "ताई, पन्हाळ्याच्या पायथ्याला एक जीप उभी हाय. वडापची. चला, बघून तर येऊ."

वडाप म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. एसटी चुकली की जी गाडी कोंबडी, पोतं, नवरा-नवरी आणि परीक्षेला निघालेली पोरं एकाच वेळी पोटात घेऊन पळते, ती. ही जीप पन्हाळ्याच्या चढाला बरीच वर्षं वडाप करून दमलेली. चिंचेच्या झाडाखाली एका बाजूला कललेली होती. जादा माणसं भरून भरून मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, पार सपाट झालेले. दार उघडायचं तर आधी उचलायचं. तळाचा पत्रा इतका सडलेला की आतनं खाली पाहिलं तर गवत दिसत होतं. सुरू केली तेव्हा मागून असा धूर निघाला की झाडावरचे पक्षी उडाले.

इलाहीभाईंनी बॉनेटवर थाप मारली. "हाड चांगलंय, ताई!"

मी तिच्याभोवती एक फेरी मारली. अशी जनावरं मी पाहिलेली आहेत. कामानं थकलेली, खायला कमी पडलेली, पण डोळा जिवंत असलेली. ती उठतात. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण गाडीला डोळा असतो म्हणणाऱ्या बाईला कोल्हापुरात खुळी म्हणतात. घेतली.

आण्णांनी दारातूनच तिच्याकडं पाहिलं. "ही? ही तुला शिरोळला न्हेणार? आधी हिला कुणीतरी गॅरेजपतूर न्ह्या."

दिवाळीच्या आधी कामाला लागलो. खांदा अजून दुखत होता, मी रजेवर होते, म्हणून सकाळी डबा घेऊन गॅरेजात जाऊन बसायचे. बसायचे कसली! सीटा उपटल्या तेव्हा खालून शेंगांची टरफलं, केसांच्या पिना, एक पैंजण, कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता आणि बिडीची थोटकं निघाली. इतकी माणसं हिच्यातून कुठं कुठं पोचली असतील. मी ते सगळं झाडून काढलं, पैंजण तेवढं ठेवलं. इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. डिझेलचा पंप दुरुस्त करून आणला. पाटे नवे. ब्रेक नवे. वायरींचं जंजाळ होतं, कारण मागच्या मालकानं तीन तऱ्हांचे हॉर्न लावलेले. ते सगळं तोडून पहिल्यापासून वायरिंग केलं. दिव्यांच्या वायरी मी स्वतः ओढल्या आणि मागं लाल दिवे लावताना माझा हात गळ्याजवळच्या हाडाकडं गेला.

आणि एक गोष्ट मला इथं ठणकावून सांगायची आहे. स्टेअरिंगच्या खालचा एक लोखंडी तुकडा कुठंच मिळेना. कंपनीनं तो बनवायचं केव्हाच बंद केलेलं. दुसऱ्या गावात माणसं इथं हात टेकतात. आमच्याकडं इलाहीभाई तो मोडका तुकडा फडक्यात गुंडाळून उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, घेऊन गेले. त्यांच्या मेहुण्याची तिथं लोखंड ओतायची भट्टी आहे. त्यानं तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "कवा पायजे?" कोल्हापूरचा मला जो काही माज आहे तो या दोन शब्दांचा आहे. मिळत नाही? मग करू की! तो तुकडा आजही गाडीत आहे आणि मूळच्यापेक्षा जड आहे.

पत्र्याचं काम झालं, रंग झाला. रंग कुठला यावर वाद झाले नाहीत, निळा. आमच्या घरात दुसरा कुठला असणार? पहिल्यांदा रस्त्यावर काढायची तेव्हा गॅरेजच्या रिवाजाप्रमाणं नारळ-लिंबू आलं. आण्णा म्हणाले, आमच्यात न्हाय चालत. ते चाकाशेजारी उभं राहून त्रिशरण म्हणाले, इलाहीभाई बिस्मिल्ला म्हणाले, आणि पेंटरनं सगळ्यांची नजर चुकवून मागच्या चाकाजवळ नारळ फोडलाच. खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं, आण्णांनीसुद्धा.

पण आण्णा गाडीत बसले नाहीत. "इंजन बदललं, पत्रा बदलला. रस्ता त्योच हाय न्हवं?" असं म्हणून घरी चालत गेले.

आता खरी गंमत ऐका. गाडी निळी झाली, चकचकीत झाली, पण लोकांच्या लेखी ती वडापच राहिली! त्या आकाराची जीप दिसली की आमच्याकडचा माणूस आपोआप हात करतो. जयसिंगपुरात सिग्नलला थांबले तर मागचं दार उघडून एक म्हातारी पाटीसकट आत.

"चल बाई, शिरोळात सोड."

"मावशी, ही वडाप न्हाय."

"मग थांबलीस कशाला?"

"सिग्नल लागलाय."

"लागू दे की. मी काय उतर म्हणतीया त्येला?"

नेलं तिला शिरोळात. उतरताना भाडं काढायला लागली, मी नको म्हटलं, तर संशयानं माझ्याकडं बघत गेली. एकदा तर एक पावणं थेट पुढच्या सीटवर, माझ्या औषधाच्या पेटीवर बसले. हे घरी सांगितलं तर आण्णा हसून हसून बेजार. "तिकिटं फाड आता! एका घरात दोन डायवर, म्या एसटीचा आणि तू वडापची!"

मला राग आला. इलाहीभाईंना तर फारच आला, त्यांच्या कामाचा अपमान होता तो. म्हणाले, "ताई, पाटी लावू. अशी पाटी लावू की पन्हाळ्यावरनं दिसली पायजे." मेहुण्याच्या भट्टीत पाटी ओतली. ओतली म्हणजे खरंच ओतली, ॲल्युमिनियमची. समोरच्या जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये बैलाचं डोकं आणि खाली हातभर अक्षरांत "डॉक्टर". ती बसवली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. पोरांनी फोटो काढले. इलाहीभाई छाती फुगवून म्हणाले, "नाद खुळा!" मीही आरशासमोर कधी उभी राहिले नसेन इतका वेळ त्या पाटीसमोर उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून कुणी हात करेना.

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी तापायला लागली.

हातकणंगल्यापर्यंत ठीक. पुढं ट्रॉल्यांच्या रांगेत अडकले की काटा चढायचा. वाफ यायची. रस्त्याकडेला गाडी लावायची, बाटलीनं पाणी ओतायचं आणि त्या मोठ्या "डॉक्टर"च्या शेजारी उभं राहून जाणाऱ्यायेणाऱ्यांचं हसू झेलायचं. "काय म्याडम, डॉक्टरच आजारी व्हय?" एकदा वेळेत पोचू शकले नाही आणि एका शेतकऱ्याची शेळी गेली. त्यानं दावं गुंडाळून ठेवलं आणि मला चहा विचारला. शिव्या परवडल्या असत्या.

इलाहीभाईंकडं नेली की बरी! गॅरेजात तास तास इंजिन चालू ठेवलं तरी काटा हलत नव्हता. रस्त्यावर एक फेरी मारून आणायचे, तरी नाही. त्यांनी पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर उकळून घेतला, हेड पुन्हा खोललं. मला म्हणाले, "ताई, गाडीत कायबी न्हाय. तुमच्या पायात हाय." मी म्हटलं, माझ्या पायात काय असायचंय? तीन दिवस अबोला. माणसाचंही असंच असतं, दुखणं घेऊन दवाखान्यात जावं आणि डॉक्टरपुढं ठणठणीत वाटावं. पण साहेबांनी ठेवलेली मुदत सरत होती. फडातला ऊस सरत होता. आण्णा एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, टेबल वाईट न्हाय गं." ते ओरडले असते तर मी भांडले असते. त्या हळू आवाजानं माझा धीर सुटत चालला.

मग एका दुपारी नांदणीच्या पुढं पुन्हा वाफ. उन्हं कडक, पाचटाची धूळ उडत होती. मी वैतागून गाडीसमोर उकिडवी बसले. इंजिन चालूच होतं. दमलेलं जनावर पुढं असलं की माझा हात आधी नाकपुडीपुढं जातो, श्वास कसा चाललाय बघायला. तसाच तो सवयीनं गाडीच्या जाळीपुढं गेला. पंखा आत फिरत होता, त्यानं हवा आत ओढायला पाहिजे. तळव्याला वारा लागेना. जराही नाही. मी पाटीच्या मागं बोटं घातली, तर मूठभर पाचट हातात आलं. मग आणखी मूठभर.

बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधतात ना, तसं आम्ही तिला बांधलं होतं! आणि वर त्यावर "डॉक्टर" लिहिलं होतं! पाटीनं वारा अडवला, पाटीमागं पाचट साठलं. आणि गॅरेजात? गॅरेजात गाडी गेली की इलाहीभाई आधी ती पाटी काढायचे, मागचं पाचट कचरा म्हणून झाडून टाकायचे, पाटी ओरखडा पडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचे, आणि मग गाडी तपासायचे. काम झालं की शेवटी पुन्हा बसवायचे. दर वेळी! मी रस्त्याकडेला बसून एकटीच हसत सुटले. ऊसवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "बरं हाय न्हवं, म्याडम?"

पान्यानं पाटी तिथंच काढली आणि मागं टाकली. पाचट साफ केलं. शिरोळपर्यंत काटा निम्म्याच्या वर गेला नाही. इलाहीभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "मी म्हटलंच हुतं, गाडीत कायबी न्हाय!" आता या माणसाला काय म्हणावं?

त्या दिवसापासून गाडीनं एकही दिवस खाडा केला नाही. वडाप समजून हात करणारे पुन्हा हात करायला लागले. करू देत! जागा असली की मी घेऊन जाते. बाळंतिणी नेल्यात, शाळेतले गुरुजी नेलेत, एकदा एक बोकडसुद्धा नेला, तो पेशंट होता म्हणा.

हंगाम संपत आला तेव्हाची गोष्ट. जयसिंगपूरला पाहुण्यांचं लग्न होतं. एसटीला गर्दी होती, म्हणून नाइलाजानं आण्णा माझ्या गाडीत बसले. सीटच्या कडेला, अवघडून. निम्म्या वाटेत फोन आला. शिरोळच्या पलीकडच्या मळ्यातून सुलाक्का बोलत होत्या, आवाज रडवेला. "डॉक्टरीणबाई, म्हस अडलीया. सकाळधरनं कळा देतीया." लग्न राहिलं बाजूला. मी जयसिंगपूर ओलांडलं, तर पुढं ट्रॉली उलटलेली. रस्ताभर ऊस, दोन्हीकडं गाड्यांची रांग. मी पाणंदीत, म्हणजे उसातून जाणाऱ्या मातीच्या वाटेत, गाडी घातली. एक चाक वर, एक चाक खाली, दोन्ही बाजूंनी उसाची पानं काचेवर सपासप. आण्णांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला होता. गाडीनं एकदाही मान टाकली नाही.

रेडकाची मान पोटात मागं वळलेली होती. खांद्यापर्यंत हात घालून ते आत ढकलायचं, मान सरळ करायची, मग ओढायचं. मोडलेलं हाड ठणकत होतं. दोरी धरायला माणूस कमी पडला, तर लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत आण्णा पुढं झाले. "सांग, कवा वडू?" मी म्हटलं, कळ येऊ दे. "आता!" रेडकू बाहेर आलं, शिंकलं, मान हलवली. सुलाक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि आण्णांच्या कपड्यांकडं बघून कपाळावर हात मारला.

परत येताना आण्णा बाहीवरचे डाग खरवडत होते. कोल्हापूर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "तिसरा गियर जरा लौकर टाकतीस." मला उभ्या आयुष्यात याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही. डोळे भरून आले, तर म्हणाले, "फुडं बघ."

मुदत संपली. एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे पिळत होते, तोच फोन वाजला. आतून आण्णांनी उचलला. साहेबच होते, जागेचं विचारत होते. मी ओल्या हातांनी दाराशी गेले आणि थबकले. मला जन्मापासून पोरी म्हणणारा तो माणूस छाती पुढं काढून फोनवर सांगत होता, "डॉक्टर? डॉक्टर न्हाईत की घरात. सकाळीच गाडी घेऊन शिरोळला गेल्यात. टेबल? न्हाय सायेब, ते दुसऱ्या कुणालातरी द्या. आमच्या डॉक्टरांची जनावरं खोळंबत्यात."

फोन ठेवून वळले तर समोर मी, हातात पिळा. जराही ओशाळले नाहीत. उलट खेकसले, "अजून हितंच? सायबाला गेली म्हणून सांगितलंय मी. नीघ की!"

रविवार होता. दवाखाना बंद होता. मी पिळा बादलीत टाकला, चावी घेतली आणि निघाले.